जीवशास्त्राच्या पहिल्या वर्षात इकॉलॉजीचा नंबर शेवटचा का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जंगलं, प्राणी, पर्यावरण ह्यावर आपल्या पेपरात लेख येतात, वाचकांची पत्रं येतात, लोक तावातावाने लिहितात आणि ते चांगलंच आहे. पण ह्या सगळ्यामागचं शास्त्र, म्हणजे सजीवांचे एकमेकांशी आणि परिसराशी असलेले संबंध अभ्यासणारी इकॉलॉजी, ज्या मुलांनी पुढे सांभाळायचं त्यांना युनिव्हर्सिटीच्या पहिल्या वर्षाला ते कोणत्या क्रमाने शिकवलं जातं ह्यावर कोणी चकार शब्द काढत नाही, म्हणून हे पत्र. लांबलंय, माहितीये मला. कापलंत तरी हरकत नाही, फक्त उंबराचा भाग तेवढा ठेवा.

मी पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकलं घेते, वनस्पती आणि प्राणी दोन्हीकडची, त्यामुळे दोन्हीकडचा सिलॅबस रोज हाताखालून जातो. साचा बहुतेक ठिकाणी एकच. आधी पेशी, मग वनस्पतींचे गट, शैवाल, मॉस, नेचे, सूचिपर्णी, फुलझाडं, मग त्यांची मुळं-खोडं-पानं आडवी कापून, मग दुसऱ्या सत्रात प्राणी, स्पंजपासून सुरू करून सस्तन प्राण्यांपर्यंत, मग पचन, श्वसन, रक्ताभिसरण, उत्सर्जन, आणि हे सगळं उरकलं की उरल्यासुरल्या आठवड्यांत इकॉलॉजी. तोवर परीक्षा तोंडावर आलेली असते, शिकवणारे दमलेले असतात, मग 'हे सोपंय, घरी वाचा' असं म्हणून विषय मिटतो. एक अन्नसाखळी, गवत-नाकतोडा-बेडूक-साप-घार, एक पिरॅमिड, एक नायट्रोजनचं चक्र बाणांसकट, झालं.

माझं म्हणणं एवढंच की हा शेवटचा भाग उचलून पहिल्या आठवड्यात आणा आणि झाड आणि प्राणी दोन्ही त्यातूनच पुढे शिकवा. आत्ता आपण करतो काय तर उत्तरं आधी घोकून घेतो आणि प्रश्न वर्षाच्या शेवटी देतो, तोही ऑप्शनला टाकता येईल असा.

उदाहरण देते. रिओ नावाचं झाड बहुतेक लॅबमध्ये कुंडीत असतंच, पानाची वरची बाजू हिरवी, खालची जांभळी. पान तिरकं मोडून हलक्या हाताने ओढलं की खालची जांभळी पापुद्री सुटते, ती पाण्याच्या थेंबात ठेवायची, वर कव्हरस्लिप म्हणजे पातळ काच, की जांभळ्या पेशींमध्ये हिरव्या पेशींच्या जोड्या स्पष्ट दिसतात, दोन ओठांसारख्या, आणि मध्ये फट. ही पर्णरंध्रं. इथपर्यंत सगळे येतात. मग काय होतं तर मुलं एक डोळा मायक्रोस्कोपला लावतात आणि दुसऱ्या डोळ्याने पुस्तकातली आकृती बघून तीच वहीत उतरवतात, नावं देतात, रक्षक पेशी, हरितलवक, छिद्र, सही घेतात आणि निघतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, परीक्षेत तीच आकृती मागतात आणि लेबलिंगला मार्क असतात.

आता त्याच स्लाइडवर कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा, दुसऱ्या कडेला ब्लॉटिंग पेपरचा तुकडा लावून ते पाणी आत ओढून घ्या आणि डोळा न हलवता बघत राहा. जांभळा रस पेशीच्या भिंतीपासून सुटायला लागतो, आक्रसत मध्ये गोळा होतो, आणि ती हिरवी जोडी सैल पडून मधली फट मिटते. हे बघितल्यावर आपसूकच कोणीतरी विचारतं की पण पान असं दार बंद का करून घेईल, कार्बन डायऑक्साइड कसा मिळणार मग? आणि हाच तर प्रश्न आहे ना! हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के, पानाच्या आत मात्र हवा पाण्याच्या वाफेने गच्च भरलेली, त्यामुळे दार उघडलं की आत येणाऱ्यापेक्षा बाहेर जाणारंच कितीतरी जास्त. साध्या झाडाला कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू पकडायला ढोबळमानाने पाण्याचे ४०० रेणू घालवावे लागतात, मका-ऊस ह्यांच्यासारख्या सी-फोर, म्हणजे कार्बन डायऑक्साइड आत गोळा करून वापरणाऱ्या, झाडांना दीडशेच्या आसपास, आणि निवडुंगासारखी जी झाडं रात्री दार उघडून कार्बन साठवतात आणि दिवसा दार लावून तो वापरतात (ह्या पद्धतीला कॅम म्हणतात) त्यांना पन्नासेक. मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त पाणी असंच वाफ होऊन उडून जातं. हा सौदा कळला की सी-फोर आणि कॅम ही दोन प्रकरणं पाठ करायची गरजच राहत नाही, कोरड्या रखरखीत जागी जगायचं तर तसलं काहीतरी लागणारच हे मूलच सांगतं. आणि 'कोरडी जागा', 'पाण्याची टंचाई', 'कोण कुठे टिकतं' ही भाषा कुठल्या युनिटची? शेवटच्या!

आता गंमत बघा. दुसऱ्या सत्रात, दुसऱ्या लॅबमध्ये, दुसऱ्या शिक्षकांकडे हीच मुलं झुरळ शिकतात. झुरळाच्या अंगावर श्वासरंध्रांच्या १० जोड्या, दोन छातीवर आठ पोटावर, हे घोकतात. त्या रंध्रांना झडपा असतात, झुरळ त्या बंद ठेवतं आणि गरजेपुरत्या उघडतं, कारण उघड्या ठेवल्या तर आतलं पाणी उडून जातं. अगदी पानासारखंच. फरक एवढाच की आतला कार्बन डायऑक्साइड वाढला की झुरळ झडप उघडतं, त्याला तो बाहेर टाकायचाय, आणि पानात मात्र आतला कार्बन डायऑक्साइड कमी झाला की रंध्र उघडतं कारण त्याला तो आत हवाय. एक पान, एक कीटक, दोघांपुढे अडचण तीच, मध्ये अख्खं सत्र आणि दोन वेगळे पेपर, मग कोणाला सुचणार हे शेजारी ठेवून बघायचं? मी दोन्ही स्लाइड एकाच टेबलावर ठेवते कधीकधी, सिलॅबसच्या बाहेर जाऊन, आणि नेहमी मागे बसणारी मुलंसुद्धा पुढे येतात. वाळवंटातला कांगारू रॅट आयुष्यभर पाणी न पिता कसा राहतो, मूत्रपिंडातला तो लांब वळसा त्याला कसा उपयोगी पडतो, हे त्याच टेबलावर पुढे सांगितलं की मूत्रपिंडाची आकृतीही जरा जिवंत होते.

पुस्तकातला दुसरा एक प्रसंग सगळेच सांगतात पण घाईत सांगतात. व्हॅन हेल्माँटचा विलो. सतराव्या शतकातला माणूस, त्याने २०० पौंड वाळवलेली माती कुंडीत घेतली, त्यात ५ पौंडाचं विलोचं रोप लावलं, ५ वर्षं फक्त पाणी घातलं, झाड १६९ पौंडांच्या वर गेलं आणि माती घटली ती २ औंसाच्या आसपास. १६४८ मध्ये, तो गेल्यानंतर हे छापून आलं. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनतं. आयुष्यभर वायूंवर काम केलेला हा माणूस आणि झाडाच्या हिशोबात हवाच विसरला. पण मुद्दा त्याचा नाहीये, मुद्दा आपल्या मुलांचा आहे, वर्ष संपल्यावर विचारा की ह्या एवढ्या मोठ्या झाडाचं लाकूड आलं कुठून, 'मातीतून, खतातून' म्हणणारे भरपूर निघतात, आणि ह्यांनीच प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण बॅलन्स करून पैकीच्या पैकी मार्क मिळवलेले असतात. समीकरण एका कप्प्यात, झाड दुसऱ्या कप्प्यात. कार्बन हवेतून झाडात, झाडातून अळीत, अळीतून पक्ष्यात, मग मातीतल्या बुरशीत आणि परत हवेत, हा प्रवास जर पहिल्याच आठवड्यात एकदा हाताने कागदावर काढला असता तर ते समीकरण त्यातल्या एका बाणावर बसलं असतं.

आणि प्रमाणाचं भानही येत नाही. २०१८ मध्ये पृथ्वीवरच्या सगळ्या सजीवांचं वजन कार्बनमध्ये मोजायचा एक मोठा हिशोब प्रसिद्ध झाला, साधारण ५५० अब्ज टन कार्बन निघाला, त्यातल्या ४५० च्या आसपास एकट्या वनस्पती, ७० जीवाणू, १२ बुरशी, आणि सगळे प्राणी म्हणजे हत्ती, देवमासे, मासे, मुंग्या, गांडुळं आणि माणसं सगळं मिळून जेमतेम २. आता सिलॅबस उघडा आणि पानं मोजा. प्राण्यांमध्येही पाठीचा कणा असलेल्यांना जवळजवळ निम्मी जागा, आणि नाव दिलेल्या जातींमध्ये सगळ्यात मोठा वाटा ज्यांचा, ते दहा लाखांच्या घरातले कीटक एका प्रकरणात गुंडाळलेले. मी असं म्हणत नाही की वजनाच्या हिशोबात पानं वाटा, तसं केलं तर सस्तन प्राण्यांना अर्धी ओळही मिळायची नाही, पण निदान हा आकडा पहिल्या दिवशी फळ्यावर लिहा ना, म्हणजे 'झाडं बोअर असतात' म्हणणाऱ्याला जगात आपण पाहुणे कोणाचे आहोत ते कळेल.

आता उंबर. उंबराचं फूल आपण दुर्मिळ गोष्टीला म्हणतो, पण आपण ज्याला उंबर म्हणून खातो त्याच्या आतच शेकडो बारीक फुलं असतात, बाहेरून बंद, टोकाला फक्त एक सुईच्या अग्राएवढं भोक आणि तेही खवल्यांनी झाकलेलं. त्या भोकातून एक दोन-तीन मिलिमीटरची गांधीलमाशीच्या जातीची मादी आत घुसते, घुसताना बऱ्याचदा तिचे पंख तुटून पडतात, म्हणजे परतीचा रस्ता बंद. अंगावर ती जिथे जन्मली त्या उंबरातले पराग आणलेले असतात, ते आतल्या मादी फुलांवर पडतात, काही फुलांमध्ये ती अंडी घालते आणि तिथेच मरते. ज्या फुलांत अंडी त्यात अळ्या वाढतात, ज्यांत नाहीत त्यांचं बी होतं. काही आठवड्यांनी आधी नर बाहेर पडतात, बिनपंखांचे, ते अजून फुलात बंद असलेल्या माद्यांशी जुगतात, मग उंबराची भिंत कुरतडून बाहेर जायला बोगदा पाडतात, ह्यांचं काम तिथे संपतं. तोवर आतली नर फुलं पिकलेली असतात, माद्या त्यांचे पराग अंगावर घेऊन त्या बोगद्यातून उडून जातात, आणि त्यांच्याकडे वेळ असतो एखाद-दोन दिवसांचा.

इथे थांबून मुलांना विचारायचं, की ह्या एक-दोन दिवसांत तिला काय सापडायला हवं? आत शिरण्याजोगं, नेमक्या त्या अवस्थेतलं दुसरं उंबर. आणि एका झाडावरची उंबरं तर साधारण एकाच वेळी पिकतात, म्हणजे तिला दुसरं झाड गाठायला हवं जे त्याच आठवड्यात मागच्या अवस्थेत आहे. म्हणजे परिसरातली सगळी झाडं एकाच मोसमात फळाला आली तर माशी संपली, आणि माशी संपली तर झाडाचं बी संपलं. म्हणून ह्या झाडांच्या वेळा एकमेकांशी जुळत नाहीत, वर्षभर कुठे ना कुठे एखादं झाड लगडलेलं असतं, आणि जंगलात बाकी काहीच पिकलेलं नसतं त्या दिवसांत वटवाघळं, माकडं, हरियाल, धनेश सगळे त्याच्यावर जगतात. एवढ्याशा माशीचं आयुष्य दोन दिवसांचं आहे म्हणून अख्ख्या जंगलाला पडत्या काळात खायला मिळतं! उंबर ज्यातलं, त्या फायकस वंशाच्या साडेसातशेच्या वर जाती जगात आहेत आणि बहुतेकींची स्वतःची माशी ठरलेली. वर काही चोर माश्याही असतात, त्या परागीकरण करत नाहीत, बाहेरूनच अंडी घालायची लांब नळी भिंतीत खुपसून अंडी घालतात, फुकटे.

आता सांगा, हे शिकवायचं कोणी? पुष्परचना म्हणून वनस्पतीवाल्यांनी? तिथे 'हायपँथोडियम, उदाहरण फायकस' अशी एक ओळ आहे. कीटक म्हणून प्राणीवाल्यांनी? तिथे ही माशी बहुतेक नसतेच. सहजीवन म्हणून इकॉलॉजीत? तिथे 'म्युच्युॲलिझम: दोघांचाही फायदा, उदा. अंजीर व गांधीलमाशी' अशी व्याख्या आहे दोन मार्कांची. तीन ठिकाणी तीन तुकडे, आणि मुलाच्या डोक्यात ते एकत्र आले तर तो निव्वळ योगायोग. मी एकदा नुसतं एक उंबर उभं चिरून पांढऱ्या थाळीत ठेवलं, आतून काळ्या बारीक माश्या चालत बाहेर आल्या, कोणी 'ई' केलं, कोणी मोबाईल काढला, आणि मग जे प्रश्न सुरू झाले त्यात परागीकरण, जीवनचक्र, नर-मादी गुणोत्तर, अन्नजाळं, परजीवी सगळं आलं, मी फळ्यावर एक अक्षर न लिहिता.

इकॉलॉजी शेवटी टाकण्यामागे एक समज आहे की हा निबंधाचा विषय आहे, वनं वाचवा छाप. ह्या समजाचा मला सगळ्यात जास्त राग येतो. इकॉलॉजी हा मोजण्याचा विषय आहे आणि पहिल्या वर्षात आकड्यांशी मैत्री करायला ह्याच्याइतकी सोपी जागा दुसरी नाही. एक मीटर बाय एक मीटरची दोरीची चौकट घेऊन मुलांना मैदानात सोडा आणि म्हणा झाडं मोजा. बघा कुठे टाकतात ती चौकट, जिथे फुलं आहेत तिथे, जिथे काटे नाहीत तिथे, आणि सावलीत. मग त्यातून काढलेली सरासरी सगळ्या मैदानाची म्हणून लिहितात. आता त्यांना कागदावरून नंबर उचलून त्या नंबरच्या जागीच चौकट टाकायला लावा, मग ती कधी उघड्या जमिनीवर पडते, कधी काट्यांत, आणि आकडे एकदम बदलतात. रँडम सॅम्पलिंग म्हणजे काय ते ह्यानंतर व्याख्या सांगून समजवावं लागत नाही. गोगलगायींचं तसंच. ४० पकडल्या, पाठीवर रंगाचा ठिपका दिला, सोडल्या, काही दिवसांनी ५० पकडल्या, त्यात १० ठिपकेवाल्या, म्हणजे एकूण अंदाजे २००, तिसरी-चौथीचं त्रैराशिक आहे. पण मग विचारा की ठिपके पावसात धुतले गेले असतील तर? अंदाज फुगणार. एकदा पकडलेली गोगलगाय त्याच जागी परत परत सापडत असेल तर? अंदाज घटणार. हे करताना मुलं भांडतात एकमेकांशी, आणि जीवशास्त्राच्या वर्गात मुलांनी गणितावरून भांडावं ह्याहून चांगलं काय हवंय.

प्रयोगही करता येतो हे तर सांगितलंच जात नाही. १९६३ पासून रॉबर्ट पेनने अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या मक्कॉ बेच्या खडकांवरच्या एका पट्ट्यातले तारामासे उचलून समुद्रात फेकायला सुरुवात केली, परत परत फेकत राहिला, शेजारचा पट्टा तसाच ठेवला. काय झालं, तर शिंपल्यांनी जागा बळकावत नेली आणि तिथल्या १५ जातींच्या ८ झाल्या. खाणारा काढून टाकल्यावर विविधता वाढायला हवी असं कोणालाही वाटेल, ती निम्म्यावर आली. १९६६ मध्ये पेपर आला. कीस्टोन जात, म्हणजे जी काढली तर बाकीच्यांचा तोल ढासळतो अशी जात, ही कल्पना ह्यातून निघाली आणि आज ती आमच्याकडे व्याख्या म्हणून पाठ केली जाते, फेकलेल्या तारामाशांचा उल्लेखही नसतो.

तेच त्या १० टक्के नियमाचं, म्हणजे अन्नसाखळीच्या एका पायरीवरची जेमतेम दहा टक्के ऊर्जा पुढच्या पायरीला मिळते ह्याचं. रेमंड लिंडमनने मिनेसोटातल्या सीडर बॉग लेक ह्या तळ्यात ऊर्जेचा हिशोब मांडला, पेपर आधी नाकारला गेला, मग १९४२ मध्ये छापून आला, त्याच्या आधी काही महिने तो वारला होता, वय अवघं २६. त्याच्या स्वतःच्या तळ्यातले आकडेही प्रत्येक पायरीला दहा येत नाहीत, कुठे त्याहून खूप कमी, कुठे दुप्पट. दहा हा ढोबळ अंदाज आहे. आमच्या पुस्तकात तो 'नियम' झाला, आणि त्यावर गणित येतं की गवतात १०,००० एकक तर घारीत किती. मुलं शून्यं खोडत जातात. आणि समुद्रातला वजनाचा पिरॅमिड बऱ्याच ठिकाणी उलटा का असतो, वनस्पती प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती कमी आणि त्यांना खाणारे जास्त असं कसं चालतं, हे विचारलं की चेहरे कोरे, कारण प्लवक किती झपाट्याने वाढतं आणि खाल्लं जातं हा वेगाचा मुद्दा पिरॅमिडच्या चित्रात दिसतच नाही.

माझ्या ह्या म्हणण्यावर सहकाऱ्यांचा एक आक्षेप असतो आणि तो अगदीच फेकून देण्यासारखा नाहीये. ते म्हणतात, आधी जीव माहीत नसतील तर त्यांचे संबंध काय शिकवणार, ज्याला नेचा आणि मॉसमधला फरक कळत नाही तो चौकटीत मोजणार काय. बरोबर आहे. नायट्रोजनचं चक्र जीवाणूंचं रसायन कळल्याशिवाय खरं समजत नाही, ते नंतरच यावं. नावंही लागतातच, वर्गीकरण काढून टाका म्हणणाऱ्यांपैकी मी अजिबात नाही, नाव माहीत नसलेलं झाड माणसाला दिसतच नाही, तो नुसतं 'हिरवळ' म्हणून पुढे जातो. पण मुलाला चौकटीत तीन प्रकारची पानं दिसली आणि त्यांना त्याने 'गोल', 'केसाळ' आणि 'वासाचं' असं लिहून ठेवलं की नाव शोधायची गरज त्यालाच वाटते, आणि मग कुलाची लक्षणं शिकवताना वर्गात झोप येत नाही. इकॉलॉजी पहिल्या आठवड्यात संपवा असं कुठे म्हणतेय मी, तिथे सुरू करा आणि प्रत्येक युनिटला तिथे परत या, दर वेळी थोडं खोल.

दुसरा आक्षेप वेळेचा आणि मुलांच्या संख्येचा. शंभर-शंभर मुलं बाहेर कशी न्यायची. तर न्यायची नाहीतच लांब. चार खुंट्या आणि दोरी, इमारतीच्या मागची कुठलीही दुर्लक्षित जागा, भिंतीची फट चालेल, प्रत्येक गटाला एक चौरस मीटर आणि तो वर्षभर त्यांचाच. पेशी शिकताना त्यातलं पान, मुळं शिकताना त्यातलं रोप उपटून, गांडूळ शिकताना त्यातलं गांडूळ ओल्या कागदावर चालताना कसं लांब होतं आणि आखडतं ते बघून परत जागेवर सोडायचं. बऱ्याच ठिकाणी चिरफाड बंद झाली, ती झाली हे चांगलंच झालं, पण तिच्या जागी आलं काय तर स्क्रीनवरचा बेडूक. जिवंत गांडूळ अर्धा तास बघायला कोणी बंदी घातलेली नाही.

खरी अडचण परीक्षेची आहे हे मलाही कळतं. जोवर 'पर्णरंध्राची सुबक आकृती काढून भागांना नावे द्या' हाच प्रश्न येणार तोवर मी टेबलावर काय मांडते ह्याला किंमत नाही. म्हणून पेपर काढणाऱ्यांना माझी विनंती की निदान एक प्रश्न असा टाका: एका तळ्यात मोठे मासे छोट्या माशांना खातात, छोटे मासे पाण्यातल्या डॅफ्नियासारख्या बारीक जीवांना खातात, ते बारीक जीव हिरव्या शैवालाला खातात. तळ्यातले सगळे मोठे मासे काढून टाकले तर पाणी हिरवं होईल की स्वच्छ? का ते लिहा. आणि तळ्यात फॉस्फरस अगदीच कमी असेल तर तुमचं उत्तर बदलेल का? पहिल्याला मासे, डॅफ्निया आणि शैवाल तिन्ही माहीत असावे लागतात, म्हणजे प्राणी आणि वनस्पती दोन्ही पेपर वाचल्याशिवाय सुटका नाही. दुसऱ्यासाठी कॅनडातल्या ऑन्टारिओच्या लेक २२६ चा प्रयोग सांगायचा, १९७३ मध्ये तळ्याच्या मधोमध पडदा लावून एका बाजूला कार्बन-नायट्रोजन आणि दुसऱ्या बाजूला कार्बन-नायट्रोजनबरोबर फॉस्फरसही टाकला होता, फॉस्फरसवाली बाजू शैवालाने गर्द हिरवी झाली, दुसरी तशीच राहिली. विमानातून काढलेला त्याचा फोटो आहे, अर्धं तळं एका रंगाचं आणि अर्धं दुसऱ्या. तो फोटो पेपरात छापा आणि खाली फक्त 'ह्याचं कारण काय असेल?' एवढं विचारा, दहा मार्क.

सिलॅबस बदलायच्या बैठका सगळीकडे होत असतात आणि तिथे बसणारी मंडळी आपला पेपर वाचतात असं मी धरून चालते. नवीन काही घालू नका, काही काढूही नका. शेवटचं युनिट पहिलं करा आणि उंबर, तळं, चौकट ह्यातलं एक काहीतरी निवडून दोन्ही सत्रांच्या शिक्षकांना एका टेबलावर बसवा.

आपली,
पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकलं घेणारी एक वाचक